मुका शिमगा

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार

नारायणगावच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, मान हलवली, पुन्हा फुगवला, पुन्हा मान हलवली. म्हणाले, "भगवंतराव, गोळी देतो, पण गोळीनं अर्धंच काम होणार. बाकीचं तुमच्या हातात. मीठ कमी करा, चिडू नका आणि जरा शांततेत राहा." मी विचारलं, शांतता कुठल्या मेडिकलात मिळते. ते हसले. त्यांना हसायला काय जातंय. ते आळेफाट्यावर राहत नाहीत.

माझं गॅरेज नाशिक रोडला लागून, आणि घर गॅरेजच्या डोक्यावर. समोर हॉटेल, तिथे दिवसभर टेप. डाव्या अंगाला ट्रकच्या बॉड्या बांधणारे, त्यांचे हातोडे सकाळी सुरू होतात ते दिवे लागेपर्यंत. नगरकडून येणारा ड्रायव्हर चौक दिसला की हॉर्नवर हात ठेवतो आणि नाशिकच्या रस्त्याला लागल्यावरच काढतो. त्यात आमचा घण. मी स्वतः उमेदीपासून पत्रे आणि ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे ठोकत आलोय, तेव्हा दुसऱ्याला कुठल्या तोंडानं बोलू.

पार्ट्सच्या व्यापाऱ्याने नवीन वर्षाची डायरी दिली होती, ती कोरीच पडली होती. आता चीड आली की तोंड उघडायचं नाही, इथे लिहायचं. आज हॉटेलवाल्यावर चिडलो. लिहिलं. अजून चिडलेलाच आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

शांतता शोधतोय. घरात हसतात मला.

कालव्याच्या कडेला जाऊन बसलो तर तिथे कुणाचं तरी डिझेल इंजिन भकभकत होतं. आळे गावात वेद बोललेल्या रेड्याच्या समाधीपाशी गेलो, सावली छान होती, तेवढ्यात शाळेची सहल आली. रविवारी पेठ गावाला मेहुण्याकडे गेलो. त्याचं घरही रस्त्यालाच, आणि मेहुणा स्वतः दोन हॉर्नच्या बरोबरीचा.

कुंडलिक म्हणाला, "शेठ, आमच्या पारगावाला चला. उसाच्या बांधावर बसा निवांत."

"आणि कारखाना?"

"त्यो चालूच आस्तोय. पन सवय व्हती त्याची."

कुंडलिक माझा मुख्य मिस्त्री. माझ्याकडेच शिकला, माझ्याकडेच मिशीचे केस पिकवले. दिवसाला मोजून बोलतो. फाट्यावर शांत म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे कुंडलिक.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी झोप लागली. जेवून मागच्या बाजेवर आडवा झालो, उठलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. बॉडीवाल्यांनी सुट्टी केली असेल म्हणून डोकावलो, तर ते घामाघूम होऊन ठोकत होते. म्हणजे ठोकणं चालू असतानाच मी झोपलो. गोळी लागू पडली म्हणायची. डॉक्टरांना मनात उगाच बोललो.

फक्त कानात रातकिडा बसल्यासारखं किर्र वाजतं. दिवसासुद्धा. प्रेशरचंच असणार. बायकोला, साळूला, सांगितलं. ती पाठमोरी भाकरी थापत होती, थापतच राहिली.

७ मार्च, रविवार

काल होळी पेटली. यंदा पोरांनी नीट बोंबसुद्धा मारली नाही. होळीभोवती गोल करून पालथ्या हातानं तोंडं बडवत होती, पण आवाजात काही दम नव्हता. टीव्हीपुढे बसून बसून ओरडायची ताकद गेली बहुतेक. शिमगा मुका गेला. मला काय, बरंच झालं.

कुंडलिकला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हटलं, काय बघतोस. तो काहीतरी पुटपुटला आणि पाना घेऊन ट्रकखाली गेला. हल्ली सगळेच पुटपुटतात. तोंड उघडून बोलायचा सगळ्यांनाच कंटाळा.

१५ मार्च, सोमवार

हॉटेलात चहाला म्हणून रस्ता ओलांडत होतो. एक एस.टी. अगदी अंगाजवळ येऊन थांबली. टायरचा वास नाकात गेला. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हातवारे करत होता. मीही म्हटलं, हॉर्न काय फक्त गल्लीत वाजवायला दिलाय का? तर तो आणखी लाल झाला. चौकातले लोक गोळा झाले. एकानं माझा दंड धरून मला लहान पोरासारखं पलीकडे नेलं. मी दंड सोडवून घेतला.

घरी टीव्हीवरून कुरबुर. मी बातम्या लावल्या की सून, आरती, येऊन आवाज बारीक करते. माझ्याच घरात मला बातम्या बघायची चोरी. नात आरोही बरी आहे. तीन वर्षांची आहे, पण आजोबांशी बोलायची रीत तिला कळते. आधी शर्ट ओढते, मी वळलो की मग तोंड उघडते.

२४ मार्च, बुधवार

आज जे कानावर पडलं ते लिहायला हात धजत नाही.

संध्याकाळी जिना चढत होतो. वर स्वयंपाकघरात मुलगा सुदर्शन, आरती आणि साळू बसलेले. सुदर्शन तावातावाने बोलत होता, आणि त्याचं एक वाक्य मी स्पष्ट ऐकलं. "आण्णा विकू देत न्हाई." आण्णा म्हणजे मी. मग साळूनं तोंडाला पदर लावला. मी दारात दिसलो तसे तिघेही गप्प झाले.

फाट्यावर सध्या जागेसाठी माणसं फिरतात. रस्ता मोठा होणार, म्हणून ज्याला त्याला रोडला लागून जागा पाहिजे. सुदर्शन पार्ट्सचं काउंटर सांभाळतो, त्याला गॅरेजची कटकट नको आहे, हे मला माहीत होतं. पण माझ्या पाठीमागे बैठक बसवील असं वाटलं नव्हतं. आणि साळूही त्यात. बाजरीची दोन पोती टाकून याच जागेवर पत्र्याच्या खोलीत आम्ही संसार मांडला होता.

जेवलो नाही. प्रेशर वाढलं असणार.

३० मार्च, मंगळवार

आज खात्री झाली. समोरच्या हॉटेलात सुदर्शन एका माणसाबरोबर चहा पीत होता. इन केलेला शर्ट, मांडीवर काळी बॅग. दोघे बोलता बोलता माझ्याकडे बघत होते. त्या माणसाने गॅरेजकडे, घराकडे, मग सरळ माझ्याकडे बोट केलं. सुदर्शन मान हलवत होता. मी उठून उभा राहिलो तसा तो माणूस बॅग उचलून मंचरच्या जीपमध्ये बसला.

कुंडलिकला विचारलं, "तुला काय ठाऊक आहे का?"

तो म्हणाला, "तुमीच घरात इचारा, शेठ." हे मात्र तोंडासमोर येऊन, मोठ्यानं. म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे.

आता फाट्याचा गोंगाट मला टोचत नाही. दिवसच्या दिवस शांत जातात. पण मन ठिकाणावर नाही. बाहेर गलका होता तेव्हा इतकं बेचैन वाटत नव्हतं.

५ एप्रिल, सोमवार

जेवताना विषय काढला. म्हटलं, "मी जिवंत असेपर्यंत ही जागा कुठे जाणार नाही. कागदावर माझं नाव आहे."

सुदर्शन घास हातात धरून बघत राहिला. मग काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "स्पष्ट बोल. बायकोच्या कानात बोलतोस तसं नको." त्यावर तो ओरडला. बापावर ओरडला. शिरा ताणून, तोंड एवढं उघडून. आरोही घाबरून रडायला लागली. मी म्हटलं, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?"

एकदम सगळे थांबले. साळू उठून मोरीकडे गेली. आरतीने आरोहीला उचललं. सुदर्शन ताटावरून उठला आणि खाली उतरला. चोर सापडला की असाच उठतो.

९ एप्रिल, शुक्रवार

निवडणुकीच्या रिक्षा फिरताहेत, वर कर्णे बांधलेले, पण यंदा आवाजावर बंदी आली असावी. रिक्षा नुसत्याच फिरतात. चांगला कायदा आहे.

घरात चार दिवस कोणी माझ्याशी बोलत नाही.

१३ एप्रिल, मंगळवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो, नाहीतर छाती फुटेल.

कुंडलिक ट्रकखाली होता. मागचा पाटा तुटलेला, ॲक्सल जॅकवर उचललेला. जॅक काढायच्या आधी ॲक्सलखाली लाकडी ठोकळा बसवतात, म्हणजे भार त्यावर येतो. तो ठोकळा सारत होता. मी जॅकपाशी बसलो होतो. विचारलं, "बसला का? सोडू का जॅक?" खालून आलं, "शेठ, सोडा." मी जॅकचा व्हॉल्व्ह फिरवला. ट्रक खाली बसला.

मग मी हात पुसत उभा राहिलो. समोरच्या हॉटेलातली माणसं धावत येताना दिसली. एकाच्या हातात अजून पाव होता. मला वाटलं माझ्यामागे कोणी तरी आहे, म्हणून मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. त्यातला एक माणूस माझ्या पायांकडे बोट करत होता. मी खाली बघितलं. ट्रकखालून कुंडलिकचे पाय बाहेर आले होते आणि टाचा जमीन खरडत होत्या.

मी पुन्हा जॅक मारला. कसा मारला ते माहीत नाही. त्याला ओढून बाहेर काढलं. डावा हात ठोकळा आणि ॲक्सलच्या मध्ये सापडलेला. तोंड उघडं होतं आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

जीपमध्ये घालून नारायणगावला नेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. मनगट मोडलंय.

१४ एप्रिल, बुधवार

तो "सोडा" म्हणाला. मी माझ्या कानानं ऐकलं.

१६ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. कुंडलिक डोळे मिटून पडला होता. त्याची बायको लंकाबाई बाहेर आली. ती माझ्या अगदी तोंडासमोर उभी राहिली. तिचा प्रत्येक शब्द मला कळला, कारण तिला कळवायचाच होता.

"ते वरडत व्हते, नका सोडू म्हनून. हाटेलातल्या मान्सास्नी रस्त्यापल्याड ऐकू गेलं. तुमी हातभर अंतरावं व्हता."

मी म्हटलं, "बाई, तो सोडा म्हणाला."

"म्हंजी ते खोटं बोलत्यात?"

मी म्हटलं, दुखण्यात माणसाला आठवत नाही. ती आत गेली.

त्याने असं का सांगावं? माझ्याकडेच शिकला तो. सुदर्शनने तर शिकवलं नसेल? म्हातारा चुकतो, गॅरेज बंद करा, असं गावाने म्हणावं म्हणून? लिहिलेलं पुन्हा वाचलं. असा विचार करणारा माणूस मला आवडत नाही. पण खोडत नाही.

१७ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा गेलो. वाटलं, त्याच्याच तोंडून ऐकावं. तो झोपलेला होता, म्हणून स्टुलावर बसलो. वॉर्ड शांत होता, दुपारचं देऊळ असतं तसा. बरं वाटलं मला.

समोरच्या खाटेवर एक बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. लेकराचं तोंड सगळं उघडं. डोळे घट्ट मिटलेले, जीभ थरथरत होती, गाल ओले. रडत होतं आणि आवाज नव्हता. मला वाटलं, मुकं आहे बिचारं. मग बघितलं तर अख्खा वॉर्ड त्याच्याकडे वळून बघत होता. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. नर्स धावत आली. आणि कुंडलिक त्या आवाजाने जागा झाला होता.

त्या लेकराच्या तोंडाकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

तिथून जीपने फाट्यावर आलो आणि चौकात पोलीस उभा राहतो त्या बाजूला उभा राहिलो. ट्रक येत होते, वळत होते. ड्रायव्हरांचे हात हॉर्नवर दाबलेले दिसत होते. माणसं कानावर हात धरून रस्ता ओलांडत होती. जमिनीतून पायांना हादरा लागत होता. मी डोळे मिटले. रस्ताच नाहीसा झाला. फक्त तो रातकिडा. आणि फार लांब, पाण्याखाली काहीतरी हलावं तसं.

गेले दोन महिने मी देवाला हात जोडत होतो की शांतता दिलीस.

घरी येऊन साळूसमोर बसलो. म्हटलं, "मला ऐकू येत नाही का?"

तिने माझं डोकं धरलं आणि डाव्या कानाला तोंड लावून बोलली. इतक्या जवळून कळलं. "मागल्या दिवाळीपासनं कमी कमी व्हत गेलं. तुमास्नी सांगितलं की अंगावर येता. म्हनून सुदर्शन म्हनला, आण्णांना ऐकू येत न्हाई, ह्ये तेन्ला सांगायचं कुनी. मंचरच्या कानाच्या मशिनवाल्याला त्यानंच बोलवून आनलं व्हतं, लांबनं दावायला."

मी तिला वाक्य पुन्हा बोलायला लावलं. आण्णांना ऐकू येत न्हाई. दोनदा, तीनदा. मी त्याचं "विकू देत न्हाई" केलं होतं, आणि त्यावर पोटच्या पोराला चोर ठरवलं होतं.

म्हणजे कुंडलिक "नका सोडू" म्हणाला. त्यातलं मला पोचलं ते फक्त "सोडू". बाकीचं मीच मनाने पुरं केलं.

२१ एप्रिल, बुधवार

तीन दिवस धीर झाला नाही. आज गेलो. सुदर्शनला बरोबर घेतलं. वाटेत त्याच्याशी काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो गाडी चालवत होता, रस्त्यावरची नजर न काढता त्याने माझ्या मांडीवर हात ठेवला, एवढंच लिहितो.

कुंडलिक उठून बसला होता. हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, "कुंडलिक, माझे कान गेलेत. तू नका म्हणालास ते मला पोचलं नाही. आणि वर मी तुझ्या बायकोला म्हटलं की तुला आठवत नाही. ते माझं चुकलं."

तो भिंतीकडे बघून बोलला. मला काही कळलं नाही. मी लंकाबाईकडे बघितलं. तिने ते सुदर्शनला सांगितलं आणि सुदर्शनने माझ्या कानाशी सांगितलं, "तो म्हणतोय, शेठला ऐकू येत न्हाई ते मला शिमग्यापासनं ठावं व्हतं. तरी त्यांच्या हातात जॅक दिऊन मी खाली गेलो. आता पडल्या पडल्या त्योच इचार करतोय."

यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"हात बरा झाला की ये," मी म्हटलं. यावर तो माझ्याकडे वळला आणि ओठ नीट हलवत बोलला, "तुमच्याकडं यीन आसं न्हाई सांगत."

त्याचा दवाखाना आणि घर मी बघतोय. त्याबद्दल कोणी बोलायची गरज नाही.

८ मे, शनिवार

पुण्याला जाऊन आलो. काचेच्या पेटीत बसवून कानाला भोंगे लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ वाट बघत बसलो. दाबायची वेळच फारशी आली नाही. डॉक्टर म्हणाले, लोखंड ठोकून ठोकून नस झिजली आहे, उजवा कान परत येणार नाही, डाव्याला मशिन लावलं तर काम भागेल.

मशिन शेंगदाण्याएवढं आहे. कानात बसवलं आणि पहिला आवाज आला तो आरतीच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा. इतका मोठा की मी दचकलो. मग तिच्या बांगड्या. मग ती स्वतः. "आण्णा, येतंय का?" तिचा आवाज विसरलो होतो. बारीक आवाज आहे तिचा, पुटपुटत नाही ती.

११ मे, मंगळवार

फाटा परत आला. सगळाच्या सगळा. बॉडीवाले, टेप, हॉर्न, प्रचार संपला तरी कोणाची तरी मिरवणूक. नटबोल्टचा डबा डोक्यावर उपडा करावा तसं. मशिनला जवळचं-लांबचं कळत नाही, सगळं एकाच मापाने कानात ओततं. माणूस समोर बोलतो आणि मागून ट्रक त्याच्यावरून जातो.

दुपारी चिडून मशिन काढलं. एकदम गार पडलं सगळं. पूर्वी याच वेळी डोळा लागायचा. आज बाजेवर पडलो आणि डोळा लागेना. खाली गॅरेजात पोरं काम करत होती. कोणी हाक मारली असेल का, काही सटकलं असेल का. उठून चपला न घालता खाली धावलो. सगळे चहा पीत बसले होते. मला बघून एक जण हसला.

मशिन पुन्हा घातलं. आता झोपतानाच काढतो.

जॅकला मी हात लावत नाही. गॅरेजच्या पोरांनाही सांगून ठेवलंय की माझ्या हातात देऊ नका.

१४ जून, सोमवार

कुंडलिक आला. न सांगता. सकाळी शटर उघडलं तर बाहेर उभा. डाव्या हाताला तीन बोटं, मनगट नीट वळत नाही.

"ये," मी म्हटलं.

तो म्हणाला, "खालचं काम व्हनार न्हाई माज्याच्यानं. वरचं करीन." आणि हत्यारांच्या फळीपाशी जाऊन पाने त्याच्या पूर्वीच्या क्रमाने लावायला लागला. पोरांनी सगळे इकडेतिकडे करून ठेवले होते. दिवसभर माझ्याशी आणखी बोलला नाही. पण तो असताना माझ्या पाठीला आख्खा दिवस तो कुठे उभा आहे ते कळत होतं.

२४ जून, गुरुवार

दुपारी नाशिककडे निघालेला कांद्याचा ट्रक आत आला. मागच्या पाट्याचा मधला बोल्ट तुटलेला. ड्रायव्हर गयावया करत होता, माल खराब होईल म्हणून. सुदर्शन मंचरला पार्ट्स आणायला गेलेला, एक पोरगा आजारी, दुसरा नवा. त्याला जड ट्रकखाली घालायची माझी छाती नाही.

मी शर्ट काढला आणि गोणपाट अंथरलं.

नव्या पोराने जॅकवर ट्रक उचलला. ड्रायव्हर पुढे होऊन जॅकपाशी बसायला लागला. कुंडलिकने त्याला खांद्याने बाजूला सारलं.

"म्या बसतो," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने उजवा हात जॅकच्या दांड्यावर ठेवला होता. डावा गुडघ्यावर, तीन बोटं पसरलेली. चेहऱ्यावर काही नव्हतं. चांगला माणूस आहे, हे मला ठाऊक आहे. पण बोटं त्याची गेलीत, आणि घालवली मी.

"मशिन हाय का कानात?"

"आहे."

"मंग जावा."

पाठीवर सरकत खाली गेलो. बऱ्याच वर्षांनी गेलो. वर तो भरलेला ट्रक, नाकापासून वीतभर. रोडवरून एक कंटेनर गेला आणि त्याचा आवाज मशिनमधून डोक्यात घुसला. कुंडलिक काही म्हणाला असेल तर ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "कुंडलिक, काही बोललास का?"

मग तो बोलायला लागला.

"ठोकळा बसलाय. म्या दांड्याला हात लावलेला न्हाई, नुस्ता बसलोय. समोरनं नगरची गाडी चाललीय. हाटेलवाल्यानं टेप बदालली. ड्रायवर तमाखू मळतोय, त्याला म्हनलं लांब बस. पोरगं बॅटरी धरतंय, तुमाला दिसतंय का उजेड? दिसत आसंल. आता इस्टी आली, पारनेरची. मान्सं उतरत्यात..."

इतकं मी त्याला वर्षात बोललेलं ऐकलं नसेल. मी पाना लावला. गंजलेला बोल्ट निघत नव्हता.

"एवढं काय बोलतोयस?" मी खालून म्हटलं.

"तुमाला ऐकू येतंय का न्हाई त्ये कळाया नको?"

आणि पुन्हा सुरू. कोण आलं, कोण गेलं, आभाळ कुठल्या बाजूला दाटलंय, लंकाबाईने डब्यात काय दिलंय. फाट्याचा सगळा गोंगाट चालूच होता, पण त्यातून त्याचा एकच आवाज वेगळा निघत होता, आणि मी त्याला धरून पाना फिरवत होतो.

मध्येच तो थांबला.

मी पान्यावरचा हात तसाच ठेवला. वाट बघितली. हॉर्न, हातोडे, टेप. त्याचा आवाज नाही. वरचं लोखंड किंचित करकरलं, की मला वाटलं.

"कुंडलिक?"

काही नाही.

"कुंडलिक."

"हाय. पानी प्यालो जरा." घसा साफ करून तो पुन्हा बोलायला लागला. "तर काय म्हनत व्हतो, कारल्याची भाजी. लई कडू केलीय आज."

बोल्ट निघाला. नवा बसवला, आवळला, पाट्यावर थाप मारून बघितली. काम संपलं होतं. मी पाना छातीवर ठेवला आणि तसाच पडून राहिलो. गार वाटत होतं. वर तो कारल्याबद्दल बोलत होता, मग त्याच्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नाबद्दल, मग पारगावच्या रस्त्यावर पडलेल्या खड्ड्याबद्दल.

"झालं का शेठ?" त्याने विचारलं.

"अजून थोडं," मी म्हटलं. "तू बोल."